फ्लॉरेन्स दोन दिवसांत: तीन तिकिटं, चारशे त्रेसष्ट पायऱ्या आणि आर्नोकाठची कोल्हापूरची छत्री

युरोपात राहणाऱ्या आपल्या लोकांचा शनिवार-रविवार बहुतेक एकाच साच्यात जातो. स्वस्त विमान, सकाळी सहाचा गजर, दिवसाला पाच ठिकाणं आणि सोमवारी ऑफिसात डोळ्यांवर झोप. फोनमध्ये चारशे फोटो असतात, पण कुठलं चित्र कुठे पाहिलं ते सांगता येत नाही. फ्लॉरेन्सला मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझंही तेच झालं. नंतर आणखी दोनदा गेले, त्यातल्या एका खेपेला आई-बाबा बरोबर होते, आणि हे शहर दोन दिवसांत कसं बघावं याचा एक क्रम माझ्या मनात पक्का झाला. तो इथे सगळ्या तपशिलांसकट देते आहे.

आधी मूळ सूत्र सांगते. वेळ बांधलेली तिकिटं तीनच काढायची: कॅथेड्रलचा घुमट, उफीत्सी हे चित्रांचं मोठं संग्रहालय आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड जिथे आहे ते अकादेमिया. बाकी सगळं मोकळं ठेवायचं. चौथं तिकीट काढलंत की जेवण घाईत होतं, पाय दुखायला लागतात आणि तिसऱ्या संग्रहालयातल्या मूर्ती नुसत्या डोळ्यांपुढून सरकत जातात.

तारीख ठरवताना

फ्लॉरेन्समध्ये वार फार महत्त्वाचा. उफीत्सी आणि अकादेमिया ही दोन्ही सोमवारी बंद असतात. त्यामुळे रविवार-सोमवार असा बेत करू नका. शुक्रवारी संध्याकाळी पोचून रविवारी रात्री निघणं सगळ्यात सोयीचं.

दुसरी गोष्ट महिन्याच्या पहिल्या रविवारची. त्या दिवशी इटलीतली सरकारी संग्रहालयं फुकट असतात. ऐकायला छान वाटतं, पण त्या दिवशी आगाऊ वेळ घेता येत नाही आणि रांग रस्त्याच्या टोकापर्यंत जाते. ज्याच्याकडे दोनच दिवस आहेत त्याने तो रविवार टाळावा. वाचणाऱ्या पैशांपेक्षा रांगेत उभं राहण्यात गेलेला वेळ महाग पडतो.

तिसरी गोष्ट कॅथेड्रलची. रविवारी प्रार्थना असते, म्हणून पर्यटकांना आत सोडत नाहीत. घुमटावर जाण्याची वेळही रविवारी कमी असते. म्हणून घुमट आणि कॅथेड्रल शनिवारीच उरका.

ऋतूबद्दल माझं मत स्पष्ट आहे: जुलै-ऑगस्ट नको. शहर आर्नो नदीच्या खोऱ्यात डोंगरांच्या मध्ये बसलंय, दगडी गल्ल्या तापतात आणि गर्दी इतकी की चित्रासमोर दोन मिनिटं उभं राहता येत नाही. नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतचा काळ उत्तम. थंडी असते, पाऊसही येतो, पण आपण तर दिवसभर छपराखालीच असतो.

भारतातून येणाऱ्यांना आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यांना शेंगेन व्हिसा लागतो. जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्स अशा शेंगेन देशांचं निवासपत्र असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट आणि निवासपत्र दोन्ही बरोबर घ्या.

तिकिटं कोणत्या क्रमाने काढायची

विमान बुक करण्याआधी घुमटाची वेळ मिळते आहे का ते बघा. उलटं वाटेल, पण घुमटावर एका वेळी मोजकीच माणसं सोडतात आणि शनिवारच्या सकाळच्या वेळा सगळ्यात आधी संपतात. ज्या पासात घुमट येतो त्याचं नाव ब्रुनेल्लेस्की पास, किंमत ३० युरो. त्यातच जोत्तोचा घंटामनोरा, बाप्तिस्मा घर, कॅथेड्रलच्या पोटातलं जुनं चर्च आणि ओपेरा देल दुओमो हे संग्रहालय येतं. पास तीन दिवस चालतो, पण घुमटाची वेळ एकदा ठरली की ठरली. मी नेहमी सकाळी सव्वाआठची पहिली वेळ घेते.

गुडघे दुखत असतील, हृदयाचा त्रास असेल किंवा बंद जागेत जीव घाबरत असेल, तर घुमट नकोच. लिफ्ट नाही आणि मधूनच परत फिरायलाही जागा नाही. अशांसाठी गिबेर्ती नावाचा स्वस्त पास आहे. त्यात चढण अजिबात नाही, संग्रहालय मात्र आहे. माझ्या आईसाठी आम्ही तोच घेतला. ओपेरा संग्रहालयात लिफ्ट आहे आणि वरच्या गच्चीतून घुमट अगदी समोर दिसतो. आई तिथे बाकावर निवांत बसून राहिली आणि आम्ही मागाहून तिला गाठलं.

त्यानंतर उफीत्सी. तिकीट २५ युरो आणि आगाऊ वेळेचे ४ युरो वेगळे. शनिवारी दुपारी पावणेचारच्या आसपासची वेळ घ्या. संग्रहालय साडेसहापर्यंत उघडं असतं, चार वाजल्यानंतर मोठे गट बाहेर पडायला लागतात आणि शेवटच्या तासाभरात दालनं खरोखर मोकळी होतात. शेवटी अकादेमिया, रविवारी सकाळी उघडतानाची वेळ, म्हणजे सव्वाआठ.

इथे एक इशारा. तिकीट शोधायला गेलात की मध्यस्थ साइट सगळ्यात वर दिसतात आणि त्या अधिकृत असल्यासारख्याच भासतात. पहिल्या खेपेला मी अशाच एका साइटवर जवळपास दुप्पट पैसे भरले आणि हाती आलं तेच साधं तिकीट. पैसे भरण्यापूर्वी संग्रहालयाच्या स्वतःच्या पानावरून तिकिटाच्या दुव्यावर आलोय का ते तपासा. दरही अधूनमधून बदलतात, तेव्हा शेवटचा आकडा तिथेच बघा.

मुलं बरोबर असतील तर चांगली बातमी: सरकारी संग्रहालयांत १८ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट आहे, मग ती कोणत्याही देशाची असोत. पण त्यांचीही वेळ बुक करावी लागते आणि वयाचा पुरावा दाखवावा लागतो. घुमट चर्चच्या ताब्यात असल्यामुळे तिथे हा नियम नाही.

पोचणं आणि राहणं

फ्लॉरेन्सचं इटालियन नाव फिरेंत्से. रेल्वेच्या फलकावर तेच दिसेल आणि त्यापुढे सांता मारिया नोव्हेल्ला या मुख्य स्टेशनची आद्याक्षरं. याच स्टेशनवर उतरा, इथून कॅथेड्रल पायी दहा-बारा मिनिटांवर आहे. शहराचा स्वतःचा विमानतळ छोटा आहे आणि तिथून ट्राम साधारण वीस मिनिटांत स्टेशनजवळ आणते. स्वस्त विमानं बहुधा पिसाला उतरतात. तिथून फ्लॉरेन्सची गाडी तासाभराची. रोमहून वेगवान गाडीने दीड तास लागतो, बोलोन्याहून तर चाळीस मिनिटंसुद्धा नाहीत. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट घेतलंत तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

भाड्याची गाडी घेऊन शहरात शिरू नका. मधला सगळा भाग वाहनांना मर्यादित आहे, शिरण्याच्या वाटांवर कॅमेरे आहेत आणि दंडाची चिठ्ठी कित्येक महिन्यांनी गाडी भाड्याने देणाऱ्यांकडून फिरत घरी येते.

राहायला स्टेशन आणि सान लोरेंझो चर्च यांच्यामधला भाग सोयीचा. थोडी शांतता हवी असेल तर नदीपलीकडचा ओल्त्रार्नो घ्या. खोली बुक करताना दोन गोष्टी विचारा: लिफ्ट आहे का, आणि शेवटच्या दिवशी खोली सोडल्यावर बॅगा ठेवून घेतील का. जुन्या वाड्यांमध्ये तिसऱ्या मजल्यापर्यंत दगडी जिने चढावे लागतात. खोलीच्या भाड्याशिवाय माणशी, रात्रीगणिक शहर-कर वेगळा भरावा लागतो.

पत्ता शोधताना एक गंमत लक्षात ठेवा. इथे घरांचे नंबर निळे किंवा काळे आणि दुकानांचे तांबडे, आणि दोन्हींची मोजणी वेगवेगळी चालते. एकाच रस्त्यावर ३८ नंबरचं घर आणि तांबडा ३८ नंबर असलेलं दुकान यांच्यात बरंच अंतर असू शकतं. हॉटेलच्या पत्त्यात आकड्यापुढे ‘आर’ हे अक्षर असेल तर तांबडा नंबर शोधा.

शुक्रवारची संध्याकाळ: तिकीट न लागणारं संग्रहालय

बॅग ठेवा आणि थेट पियात्सा देल्ला सिन्योरिया या चौकात जा. समोरचा पालात्सो वेक्यो १२९९ मध्ये बांधायला घेतला, आजही नगरपालिकेचा कारभार तिथूनच चालतो. त्याच्या उजवीकडे तीन कमानींची उघडी पडवी आहे, लोज्जा देई लांत्सी. तिच्यात चेल्लिनीने घडवलेला ग्रीक कथेतला वीर पर्सियस मेदुसा राक्षसिणीचं कापलेलं मुंडकं हातात धरून उभा आहे, रात्रीच्या दिव्यात, पाच फुटांवर, एक पैसाही न मोजता. दाराशी दिसणारा डेव्हिड ही प्रतिकृती. मूळ मूर्ती १८७३ मध्ये इथून हलवली, तिची भेट रविवारी.

चौकाच्या फरशीत कारंज्यासमोर एक गोल चकती शोधा. २३ मे १४९८ रोजी साव्होनारोला या धर्मोपदेशकाला याच जागी फाशी देऊन जाळलं. वर्षभरापूर्वी त्याच्याच सांगण्यावरून याच चौकात चित्रं, पुस्तकं आणि आरसे जाळले गेले होते.

तिथून नदीकडे चालत जा. पोंते वेक्यो हा पूल १३४५ चा. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातले बाकीचे सगळे पूल उडवले, हा एकच उरला. पुलावर खरेदी करू नका, सोनारांची दुकानं आहेत ती. शेजारच्या पुलावर जाऊन लांबून बघा, दिवे पाण्यात उतरलेले दिसतात. आणि लवकर झोपा.

शनिवार सकाळ: घुमट

सॅक खोलीवरच ठेवा, घुमटावर नेऊ देत नाहीत. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, कारण वाट चर्चमधूनच जाते. पाण्याची छोटी बाटली आणि ओळखपत्र पुरे. वेळेच्या दहा मिनिटं आधी दारात हजर राहा.

वर जाण्याआधी दोन मिनिटं गोष्ट ऐका, म्हणजे प्रत्येक पायरीचा अर्थ लागेल. कॅथेड्रलचं काम १२९६ मध्ये सुरू झालं. भिंती उभ्या राहिल्या, पण वर जवळपास ४५ मीटर रुंदीचं भोक कसं झाकायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. नेहमीच्या पद्धतीने खालून लाकडी परांची उभारून तिच्यावर घुमट रचायचा तर तेवढं लाकूड कुठून आणायचं? १४२० मध्ये ब्रुनेल्लेस्कीने काम हाती घेतलं. हा मूळचा सोनार. त्याने एकात एक असे दोन घुमट केले आणि खालून आधार न देता ते रचत नेले. १४३६ मध्ये काम पुरं झालं.

तुम्ही चढता ते त्या दोन घुमटांच्या मधल्या पोकळीतून. एकूण ४६३ पायऱ्या. सुरुवातीचा जिना गोल आणि बरा आहे. मग तुम्ही आतल्या कठड्यावर येता आणि डोक्यावर वाझारी व झुक्कारी या चित्रकारांचं ‘अंतिम न्याय’ हे चित्र पसरलेलं दिसतं. जमिनीवरून जे राक्षस नखाएवढे दिसतात ते इथे तुमच्यापेक्षा मोठे असतात आणि ब्रशचे फटकारे स्पष्ट दिसतात. त्यानंतर खरी जागा येते. उजवीकडची भिंत तुमच्या अंगावर झुकायला लागते, कारण ती भिंत नसतेच, घुमटाची पाठ असते. इथे थांबा आणि विटांकडे बघा. आडव्या विटांच्या ओळीत ठरावीक अंतराने एक वीट उभी घातलेली असते, वरच्या थरात ती थोडी पुढे सरकते, त्याच्या वरच्या थरात आणखी पुढे. माशाच्या काट्यासारखी नक्षी होत जाते. या उभ्या विटा ओला थर धरून ठेवायच्या, घसरू द्यायच्या नाहीत. सहाशे वर्षांपूर्वी गवंड्याने हाताने दाबून बसवलेली ती वीट आज तुमच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर आहे. मी तिथे तळहात टेकवून उभी राहिले होते. मागच्या माणसाने शांतपणे वाट बघितली.

वर वारा असतो. तांबड्या कौलांचं शहर, पलीकडे टेकड्या. उतरल्यावर कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला जमिनीत एक पांढरी संगमरवरी चकती आहे. घुमटाच्या टोकावरचा सोनेरी गोळा १६०० च्या सुमारास वीज पडून खाली आला, तो इथे पडला. कुणीच थांबत नाही तिथे, तुम्ही थांबा.

कॅथेड्रलमध्ये खालून प्रवेश फुकट आहे, पण रांग मोठी आणि आत जागा रिकामी-रिकामी वाटते. घुमटावरून बरंच दिसलेलं असल्यामुळे रांग लांब असेल तर मी सरळ ओपेरा देल दुओमो संग्रहालयात जाते. माझ्या मते फ्लॉरेन्समधलं सर्वांत सुंदर मांडलेलं संग्रहालय हेच, आणि उफीत्सीच्या मानाने गर्दी काहीच नाही. बाप्तिस्मा घराच्या ज्या सोनेरी दरवाजासमोर लोक फोटो काढतात ती प्रतिकृती. गिबेर्ती या शिल्पकाराने २७ वर्षं खपून केलेला मूळ दरवाजा इथे आहे. पुढे म्हाताऱ्या मायकेलअँजेलोने स्वतःच्या थडग्यासाठी घडवायला घेतलेली आणि मग स्वतःच हातोड्याने फोडलेली पिएता, म्हणजे मृत येशू आणि मरियमचं शिल्प, आहे. मागे उभा असलेला टोपडं घातलेला वृद्ध म्हणजे तो स्वतः, असं मानतात. त्या चेहऱ्यासमोर बसायला बाक आहे.

जेवण, आणि आपल्या शाकाहाराची सोय

दुपारी एक ते साडेतीन हे अडीच तास पायांना द्या. हे वेळापत्रकात लिहूनच ठेवा, नाहीतर तेही कुठेतरी चालण्यात जातात.

तोस्काना, म्हणजे फ्लॉरेन्सचा प्रांत, हा मांसाहारी मुलूख, पण शाकाहाऱ्यांची अडचण होत नाही. रिबोल्लिता म्हणजे शिळा पाव, पांढरे घेवडे आणि काळसर कोबी घालून पुन्हा-पुन्हा शिजवलेलं दाट सूप. पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे शिळा पाव टोमॅटोत मुरवलेला. आपल्या शिळ्या पोळीच्या कुस्कऱ्याचेच हे भाऊबंद. बाबांनी एक घास घेतला आणि म्हणाले, “अन्न टाकायचं नाही, हे यांनाही ठाऊक आहे.” मात्र रस्सा मांसाचा नाही ना, ते विचारा. ‘सेन्सा कार्ने’ म्हणजे मांस नको, ‘सेन्सा पेशे’ म्हणजे मासे नकोत. लाम्प्रेदोत्तो विकणाऱ्या गाड्या जागोजागी दिसतील, तो गाईच्या पोटाचा प्रकार आहे, न विचारता घेऊ नका. घाई असेल तर स्कियाच्याता, म्हणजे तेल लावलेला चपटा पाव, त्यात पेकोरिनो चीज आणि भाजलेली वांगी. इथला साधा पाव बिनमिठाचा असतो, बिघडलाय असं समजू नका.

बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी एक-दोन युरो किंवा थोडे जास्त लागतात, ते बसण्याचे. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्या, बसलात की किंमत वाढते. नळाचं पाणी पिण्यालायक आहे, बाटली भरून घ्या.

शनिवार दुपार: उफीत्सी

उफीत्सी म्हणजे कचेऱ्या. इथल्या मेदिची या राज्यकर्त्या घराण्यातल्या कोसिमोने १५६० मध्ये वाझारीकडून सरकारी कार्यालयांसाठी ही इमारत बांधायला घेतली. घराण्याचा संग्रह शहरातच राहिला याचं श्रेय आन्ना मारिया लुइसा या शेवटच्या वारसदार बाईला. १७३७ मध्ये तिने करार केला: सगळं राज्याला देते, पण फ्लॉरेन्सबाहेर काहीही जाणार नाही. त्या एका अटीमुळे आज आपण ही चित्रं जिथे घडली त्या गावात बघतो.

दप्तर ठेवायच्या खिडकीत सॅक द्या आणि जिन्याने वरच्या मजल्यावर जा. वयस्कर माणसं असतील तर लिफ्ट मागा, देतात. सगळी दालनं बघायची नाहीत. मी थांबते ती ठिकाणं सांगते.

सुरुवातीच्याच दालनात चिमाबुए, दुच्चो आणि जोत्तो यांची सिंहासनावर बसलेली मरियम आहे, तीन प्रचंड फळ्या, विषय एकच. तिन्हींमध्ये फक्त गुडघे बघा. चिमाबुएच्या मरियमच्या कपड्यावर सोनेरी रेघा आहेत, दुच्चोच्या कपड्याला सोनेरी काठ, पण खालचं शरीर फारसं जाणवत नाही. जोत्तोच्या मरियमला गुडघे आहेत, कापड त्यांच्यावर ताणलंय, ती खरोखर बसली आहे. पुढच्या दोनशे वर्षांत जे घडलं त्याची सुरुवात त्या गुडघ्यांत दिसते. मुलांना हा खेळ फार आवडतो.

उर्बिनोचे ड्यूक आणि डचेस एकमेकांकडे बघत असलेलं पिएरो देल्ला फ्रान्चेस्काचं जोडचित्र मधोमध ठेवलेलं आहे. वळसा घालून मागे जा, पाठीवरही रथांची चित्रं आहेत. त्यानंतर बोत्तिचेल्ली. ‘व्हीनसचा जन्म’ कापडावर आहे आणि ‘वसंत’ लाकडावर. त्यामुळे पहिलं फिकट आणि हवेशीर, दुसरं गडद आणि दाट. गर्दी पहिल्यासमोर असते. ‘वसंत’च्या पायाशी वाका आणि गवतातली फुलं बघा, एकेक पाकळी वेगळी आहे.

मग कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीपाशी या, पोंते वेक्यो खाली दिसतो. पुढे देवदूत मरियमला येशूच्या जन्माची वार्ता देतो ते लिओनार्दोचं ‘शुभवार्ता’, मायकेलअँजेलोचं गोल चित्र, खालच्या मजल्यावर काराव्हाज्जोची ढालीवर रंगवलेली मेदुसा आणि आर्तेमिसिया जेंतिलेस्कीची, शत्रूच्या सेनापतीचं मुंडकं कापणारी ज्युडिथ. आर्तेमिसियाच्या चित्रात दोन बायका मिळून काम करत आहेत, बाह्या वर सारलेल्या, जोर लावून. त्या काळात एका बाईने हे रंगवलं, हे मनात ठेवून बघा.

अडीच तास पुरतात. बाहेर पडल्यावर आणखी काही बघू नका.

रविवार सकाळ: अकादेमिया आणि सान मार्को

आत शिरताच लांब दालनाच्या टोकाला डेव्हिड दिसतो आणि सगळे त्याच्याकडे धावतात. तुम्ही दालनातच थांबा. दोन्ही बाजूंना मायकेलअँजेलोचे ‘कैदी’ आहेत, पोप ज्युलियस दुसरा याच्या थडग्यासाठी घेतलेले आणि अर्धवट राहिलेले. एकाचं धड बाहेर आलंय, डोकं अजून दगडातच आहे. जवळून बघा: पोटावर दातेरी छिन्नीच्या समांतर रेघा आहेत, आपण शेतात कुळव फिरवतो तशा, आणि कडेला टोकदार छिन्नीचे खड्डे. हात कुठून सुरू झाला आणि कुठे थांबला ते वाचता येतं.

हे पाहून झाल्यावर डेव्हिडकडे जा, म्हणजे तो गुळगुळीतपणा किती कष्टाचा आहे ते कळतं. उंची ५.१७ मीटर, काम १५०१ ते १५०४. दगड दुसऱ्यांनी आधी कोरायला घेऊन सोडून दिलेला होता, कित्येक दशकं आवारात पडून होता. मायकेलअँजेलो तेव्हा पंचविशी ओलांडलेला. उजव्या हाताच्या शिरा बघा, आणि मग मागे जाऊन पाठीवरून गेलेली गोफण.

तिथून दोन मिनिटांवर सान मार्कोचा मठ. त्याची वेळ फक्त दुपारपर्यंतची असते आणि रविवारचं वेळापत्रक आधी तपासून घ्या. उघडा असेल तर नक्की जा. जिना चढून वर आलात की समोर फ्रा अँजेलिकोचं ‘शुभवार्ता’ आहे. पुढे चाळीसहून अधिक खोल्या, प्रत्येकीत एक भित्तिचित्र आणि एक छोटी खिडकी. रंगवणारा स्वतः इथलाच भिक्षू. ही चित्रं एका माणसाने एकट्याने रोज बघायची म्हणून काढलेली आहेत, तेव्हा बरोबरच्यांना पुढच्या खोलीत पाठवा आणि एकटे उभे राहा.

रविवार दुपार: कोल्हापूरच्या महाराजांकडे

सांता क्रोचे रविवारी दुपारी उघडतं. मायकेलअँजेलो, गॅलिलिओ, माक्याव्हेल्ली यांची थडगी तिथे आहेत, आणि आवडत असेल तर जाच. पण वेळ एकाच ठिकाणाला असेल तर मराठी माणसाने पश्चिमेकडे जावं असं मला मनापासून वाटतं.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे राजर्षी शाहूंच्या आधीच्या काळातले, १८७० मध्ये युरोपच्या प्रवासाला निघाले. इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाला भेटले. इंग्रजीत रोजनिशी ठेवत, ती पुढे १८७२ मध्ये छापली गेली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी, अवघ्या विसाव्या वर्षी, ओन्यीसांती चौकातल्या हॉटेलात त्यांचा मृत्यू झाला. दहनाची इथे पद्धत नव्हती. नगरपालिकेने खास परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर रात्री अग्नी दिला गेला. परक्या गावातही बरोबरच्या माणसांनी संगम शोधला. १८७४ मध्ये तिथे स्मारक उभं राहिलं. त्याचा आराखडा चार्ल्स मँटचा, ज्याने पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला.

वाट अशी. ओन्यीसांती चर्चपासून सुरुवात करा, बोत्तिचेल्ली याच चर्चमध्ये पुरलेला आहे. नदीकाठाने काशिने उद्यानात शिरा. स्टेशनहून येत असाल तर ट्रामची पहिली लाइन घेऊन काशिने थांब्यावर उतरा. उद्यान लांबलचक आहे आणि स्मारक अगदी पश्चिमेच्या टोकाला, थांब्यापासून पायी पाऊण तास. सायकल भाड्याने मिळाली तर उत्तमच. वाट विचारायची तर ‘इंदियानो’ एवढं पुरतं, शेजारच्या मोठ्या तारांच्या पुलालाही त्यांच्यामुळेच ‘इंदियानो’ हे नाव पडलंय. हिवाळ्यात पाचच्या आधीच अंधार होतो आणि अंधारात हे उद्यान एकट्यादुकट्याने फिरण्याजोगं नाही, तेव्हा दोन वाजता निघा.

झाडी संपते, दोन नद्या एकत्र येतात आणि समोर छत्री दिसते. खांबांवर घुमटी, आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा, डोक्यावर पगडी, तरुण चेहरा. चौथऱ्यावर चार भाषांतला मजकूर. आम्ही गेलो तेव्हा एक इटालियन बाई कुत्रा फिरवत होती, दुसरं कुणी नव्हतं. बाबा कठड्याबाहेर थांबले, बूट काढले आणि थंड फरशीवर मोज्यांनी उभे राहून हात जोडले. आई झेंडूऐवजी बाजारातून घेतलेली पिवळी शेवंती घेऊन आली होती, ती तिने कठड्याशी ठेवली.

फुलं न्यायची असतील तर शहरातूनच घ्या, उद्यानात मिळत नाहीत. परतताना ट्रामचा थांबा गाठायला पाऊण तास धरा, हॉटेलातून बॅगा घ्यायला अर्धा तास, आणि रविवार संध्याकाळच्या गाड्या भरलेल्या असतात म्हणून जागा आधीच राखून ठेवा.